जुन्या बाजारातली छोटी टर्बो: पोलो टीएसआय घ्यावी की आय२० टर्बो?

आकाराने छोटी, पण अंगात जोर असलेली पेट्रोल गाडी हवी असणाऱ्याला आज नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये फारसे पर्याय सापडत नाहीत, कारण बहुतेक कंपन्यांनी आपली टर्बो इंजिने उंच बैठकीच्या छोट्या एसयूव्हींकडे वळवली आहेत. असा खरेदीदार मग जुन्या गाड्यांच्या बाजारात येतो आणि तिथे दोन नावे त्याच्या कानावर हमखास पडतात: फोक्सवॅगनची पोलो १.० टीएसआय आणि ह्युंदाईची आय२० टर्बो. पहिली मार्च २०२० मध्ये बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या तोंडावर आली आणि २०२२ मध्ये पोलोच भारतातून निघून गेल्यामुळे तिच्याबरोबर संपली. दुसरी नोव्हेंबर २०२० मध्ये तिसऱ्या पिढीच्या आय२० बरोबर आली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या गाडीचे रूप बदलले तेव्हा साध्या आय२० मधून टर्बो इंजिन काढून घेण्यात आले आणि ते एन लाइन या प्रकारापुरते उरले. दोन्ही गाड्या जवळपास एका वयाच्या, एका वर्गाच्या आणि चार मीटरच्या आतल्या असल्यामुळे त्यांची तुलना करणे रास्त आहे. मात्र ती तुलना कागदावरच्या ताकदीच्या आकड्यांवरून करू नये, गिअरबॉक्सवरून आणि मागच्या सीटवरून करावी, असे माझे मत आहे.

आकडे एकदा पाहून बाजूला ठेवता येतात. पोलोचे इंजिन ९९९ सीसीचे, आय२०चे ९९८ सीसीचे. दोन्ही तीन सिलिंडरची आणि दोन्हींत पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये होतो. पोलो ११० पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क देते, तर आय२० १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर देते. १० पीएसचा हा फरक जाहिरातीत मोठा वाटतो, पण आय२०ची पूर्ण ताकद ६००० आरपीएमला मिळते आणि रोजच्या वापरात तिथवर सुई नेणारे चालक विरळाच. प्रत्यक्ष रस्त्यावर उपयोगी पडतो तो खालच्या आरपीएमचा टॉर्क. तो आय२० मध्ये १५०० पासून आणि पोलोमध्ये १७५० पासून पूर्ण मिळतो, आणि हा २५० आरपीएमचा फरक मात्र पायाला जाणवतो. खंबाटकीच्या चढावर मालट्रकच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत असताना समोर थोडी मोकळी जागा दिसली, की आय२० लगेच उचलते. पोलो क्षणभर विचार करते आणि मग एकदम ओढ घेते. टर्बोचे पाते एक्झॉस्टच्या वायूने फिरत असल्यामुळे तो वायू पुरेसा होईपर्यंत हा उशीर राहणारच. पोलोच्या चालकाने अशा वेळी एक गिअर खाली टाकून आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवण्याची सवय लावून घेतली, की ही तक्रार उरत नाही, आणि मग घाटात या गाडीइतकी मजा देणारी दुसरी गाडी या किमतीत शोधून सापडत नाही.

आता गिअरबॉक्स. येथे दोन्ही कंपन्यांचे विचार अगदी वेगळे पडतात, आणि जुनी गाडी घेणाऱ्याचे नशीबही बऱ्याच अंशी येथेच ठरते.

पोलो टीएसआयमध्ये सहा गिअरचा साधा मॅन्युअल गिअरबॉक्स किंवा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते, त्यामुळे मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गर्दीत ब्रेकवरचा पाय सैल केला की गाडी मऊपणे पुढे सरते आणि पुन्हा थांबते. हा गिअरबॉक्स फार चपळ नाही. भरधाव ओव्हरटेक करताना तो गिअर उतरवायला थोडा वेळ घेतो, आणि रिकामा बसलेला हात सवयीने दांड्याकडे जातो. पण त्याचे तंत्र जुने, कसाला उतरलेले आहे आणि तेल वेळेवर बदलले तर तो वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. मॅन्युअलचे तर काय सांगावे: क्लच हलका आहे, गिअर नेमके बसतात आणि सहावा गिअर महामार्गावर इंजिन शांत ठेवतो.

आय२० टर्बोमध्ये तीन पेडलांचा साधा मॅन्युअल मिळतच नाही, हे अनेकांना गाडी पाहायला गेल्यावर कळते. तिच्यात एक तर आयएमटी असतो, नाही तर सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी. आयएमटीमध्ये गिअरचा दांडा नेहमीसारखा हातानेच हलवायचा असतो, पण क्लचचे पेडल नसते. दांड्यावरचा सेन्सर चालकाचा हेतू ओळखतो आणि यंत्रणा स्वतःच क्लच दाबते. नवख्याला ही व्यवस्था विचित्र वाटते आणि दांड्यावर हात ठेवून गाडी चालवण्याची सवय असलेल्यांना ती सवय मोडावी लागते. मात्र चार-पाच दिवसांत पाय सरावतो आणि मग गुडघेदुखी असलेल्या माणसाला, ज्याला ऑटोमॅटिकचे पैसे द्यायचे नाहीत, त्याच्यासाठी ही तडजोड खरोखर चांगली आहे. तिची खरी अडचण वेगळी आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या गॅरेजात आयएमटी उघडलेला मेकॅनिक मिळणे कठीण, आणि पुढे गाडी विकायला काढली की अर्धे गिऱ्हाईक ‘क्लच कुठे आहे’ एवढे विचारूनच मागे फिरते. हा दोष घेणाऱ्याच्या पथ्यावरही पडू शकतो, कारण याच कारणामुळे आयएमटी गाडीचा भाव घासाघीस करून खाली आणता येतो.

डीसीटीबद्दल मात्र मी अधिक सावध आहे. मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखा गिअरबॉक्स नाही. एक क्लच चालू गिअर सांभाळत असतानाच दुसऱ्याने पुढचा गिअर तयार ठेवलेला असतो, म्हणून गिअर कधी बदलला हे कळतही नाही. पुणे-सातारा रस्त्यावर सकाळी लवकर निघालेल्या माणसाला हा गिअरबॉक्स दिला तर तो दुसऱ्या कशाचे नाव काढणार नाही. पण हे क्लच कोरड्या प्रकारचे आहेत. त्यांना थंड करायला तेल नाही. दर दोन फुटांवर थांबणाऱ्या गर्दीत किंवा चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवल्यास ते अर्धवट घसरत राहतात, तापतात आणि झिजतात, आणि यंत्रणा जास्त तापली की समोरच्या पडद्यावर तसा इशाराही येतो. संध्याकाळी हिंजवडीहून किंवा घोडबंदर रस्त्याने तासभर सरकत घरी जाणाऱ्याने जुनी डीसीटी घेऊ नये, कारण आधीच्या मालकाने ती कशी वापरली हे गाडीच्या रंगावरून किंवा किलोमीटरच्या आकड्यावरून कळत नाही, आणि क्लचचा संच बदलण्याचा खर्च गाडीत वाचवलेले पैसे खाऊन टाकतो.

येथेच पोलोच्या बाबतीतही एक इशारा द्यायला हवा. ‘जीटी टीएसआय’ हे नाव २०१३ पासून चालत आलेले आहे आणि २०२० पूर्वीच्या त्या गाडीत १.२ लिटरचे इंजिन व सात गिअरचा कोरड्या क्लचचाच डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स होता. चालवायला ती गाडी उत्तम होती, पण तिच्या गिअरबॉक्समधील मेकॅट्रॉनिक या गिअर बदलणाऱ्या नियंत्रक भागाच्या दुरुस्तीचा धसका जुन्या पोलोवाल्यांनी चांगलाच घेतलेला आहे. जाहिरातीत नुसते ‘पोलो जीटी टीएसआय, ऑटोमॅटिक’ एवढे लिहिलेले असेल, तर गाडी मार्च २०२० नंतरची आणि ९९९ सीसीची आहे याची खात्री करूनच पुढचे बोलणे करावे.

रस्त्यावरच्या वागण्यात दोन्ही गाड्यांचे स्वभाव अगदी उघड दिसतात. पोलोचे सस्पेन्शन कडक आहे. शहरातल्या खड्ड्यांतून हळू जाताना ती प्रत्येक खड्ड्याची खबर कंबरेपर्यंत पोहोचवते, पण वेग वाढत जातो तशी ती रस्त्याला चिकटत जाते आणि वळणावर स्टिअरिंग जिथे धरले तिथेच चाके जातात. दार लावताना होणारा तो भरीव, घट्ट आवाज हा पोलोच्या चाहत्यांचा आवडता विषय आहे. त्यात भाबडेपणाचा भाग असला, तरी गाडीच्या पत्र्याची आणि सांध्यांची घडण दहा वर्षांच्या गाड्यांतही सैल पडलेली दिसत नाही, हे मान्य करावेच लागते. आय२०चे सस्पेन्शन सौम्य आहे, स्टिअरिंग हलके आहे आणि शहरात ती चालवायला पोलोपेक्षा कमी श्रमाची आहे. महामार्गावर लांब वळणे वेगात घेताना तिच्या स्टिअरिंगमध्ये पोलोसारखा विश्वास वाटत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या एन लाइनमध्ये ही उणीव कंपनीने ओळखून सस्पेन्शन कडक केले, स्टिअरिंगला वजन दिले आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक बसवले. पोलोला आणि साध्या आय२० टर्बोला मागे ड्रम ब्रेकच आहेत.

जागेच्या बाबतीत स्पर्धा नाही. आय२०चा व्हीलबेस २५८० मिलिमीटर आहे आणि पोलोचा २४७०. रुंदी १७७५ विरुद्ध १६८२. म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात ११ आणि बाहेरच्या रुंदीत ९ सेंटिमीटर अधिक, आणि मागच्या सीटवर हे अंतर म्हणजे आराम आणि अडचण यांतला फरक आहे. पोलोमध्ये उंच चालकाच्या मागे मोठ्या माणसाचे गुडघे सीटला टेकतात. तिथे मधोमध तिसऱ्या माणसाने बसणे ही शिक्षाच. आई-वडिलांना घेऊन गणपतीला कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने पोलो घेऊच नये, इतक्या स्पष्टपणे हे सांगायला हवे. डिकी आय२०ची ३११ लिटरची आणि पोलोची २८० लिटरची आहे. उलट पेठांतल्या गल्लीत किंवा जुन्या सोसायटीच्या खांबांच्या पार्किंगमध्ये गाडी रोज घालायची असेल, तर पोलोचे तेच बारीक अंग वरदान ठरते.

टाकीचा मुद्दा तुलनेत सहसा कोणी काढत नाही, पण लांबचा प्रवास करणाऱ्याने तो ध्यानात घ्यावा. पोलोची टाकी ४५ लिटरची आहे, आय२०ची ३७ लिटरची. महामार्गावर दोन्ही गाड्यांनी लिटरला १६ किलोमीटर दिले असे धरले, तर पोलो एका टाकीत ७२० किलोमीटर जाते आणि आय२० ५९२. मायलेजच्या कंपनीच्या दाव्यात आय२० लिटरला सुमारे २० किलोमीटर सांगते, पोलो मॅन्युअल १८च्या वर आणि पोलो ऑटोमॅटिक साडेसोळाच्या आसपास. पण टर्बो गाडीचे मायलेज चालकाच्या उजव्या पायावर अवलंबून असते आणि शहराच्या गर्दीत दोन्ही गाड्या १० ते १२च्या घरात येतात, हे गृहीत धरूनच हिशेब मांडावा. ज्याला मायलेजची चिंता आहे, त्याने टर्बोच्या वाटेला न गेलेले बरे.

सुरक्षिततेबाबत दोन्ही बाजूंचे चाहते ताऱ्यांची भाषा बोलतात, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे. गाड्यांची धडक चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ मध्ये दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले होते. एअरबॅग नसलेल्या त्याच गाडीला एकही तारा मिळाला नव्हता आणि त्यानंतर कंपनीने दोन एअरबॅग सर्व पोलोंत देण्याचा निर्णय घेतला. २०२२ मध्ये त्याच संस्थेने दोन एअरबॅगच्या आय२०ची चाचणी घेतली तेव्हा तिला तीन तारे मिळाले आणि तिचा सांगाडा अस्थिर ठरवण्यात आला. सांगाड्याच्या बाबतीत पोलोचे पारडे जड आहे, यात शंका नाही. मात्र पोलोत वरच्या प्रकारातही एअरबॅग दोनच आहेत, तर आय२०च्या सर्वांत वरच्या अस्टा (ओ) प्रकारात सहा आहेत. घाटरस्त्यावर गाडी घसरू न देणारी स्थैर्य यंत्रणा पोलोच्या जीटी ऑटोमॅटिकमध्ये आहे. इतर प्रकारांत ती आहे की नाही हे डॅशबोर्डवरचे तिचे बटण पाहून जागेवरच तपासावे, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

सोयींची यादी लांबवण्यात अर्थ नाही. आय२० अस्टा (ओ) मध्ये सव्वादहा इंचांचा पडदा, बोसचे स्पीकर, सनरूफ, मोबाइलवरून गाडीशी जोडणारी ब्लूलिंक सेवा, असे सगळे आहे; पोलोचा मूळ आराखडा २००९ सालचा असल्यामुळे तिच्यात छोटा पडदा, साधे काटे आणि काळा-करडा डॅशबोर्ड आहे. मुलांना गाडी दाखवायला नेले तर ती आय२०च निवडतील. पोलोत बटणे मात्र हाताला बरोबर सापडतात, आणि एसी कमी करण्यासाठी रस्त्यावरून नजर काढून पडद्यात बोट घालावे लागत नाही.

देखभालीचा विचार करताना पोलो बंद झाली आहे, मग सुटे भाग मिळतील का, हा प्रश्न पहिला येतो. इंजिनापुरते बोलायचे तर काळजी नको. हेच १.० टीएसआय इंजिन थोड्या फरकाने टायगून, व्हर्टस, स्कोडा कुशाक आणि स्लाव्हिया या गाड्यांत आजही वापरात आहे. शिवाय पोलो चाकणच्या कारखान्यात बारा वर्षे बनत होती, त्यामुळे पुणे परिसरात तिचे भाग आणि तिची नस ओळखणारे स्वतंत्र मेकॅनिक भरपूर आहेत. हीच गाडी लातूर किंवा चंद्रपूरला ठेवायची असेल, तर प्रश्न वेगळा होतो. ह्युंदाईचे अधिकृत सेवाकेंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी हमखास असते, फोक्सवॅगनचे सगळीकडे नसते, आणि पोलोचा बंपर किंवा दिवा फुटला तर तो मागवून येईपर्यंत गाडी उभी राहते. या एका कारणासाठी महानगरांबाहेरच्या खरेदीदाराला मी डोळे झाकून आय२० सुचवतो. सर्व्हिसचा अवधी पोलोला १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष आणि आय२०ला १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असा आहे, पण पोलोच्या एका सर्व्हिसचे बिल सहसा जड असते, त्यामुळे वर्षाच्या हिशेबात फार वाचते असे नाही. पोलोच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, आय२०च्या इंजिनात चेन आहे. जास्त चाललेली पोलो घेताना बेल्टची तपासणी कधी झाली हे विचारलेच पाहिजे. दोन्ही इंजिनांना कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच सिंथेटिक ऑइल लागते. टर्बोची पाती ज्या बेअरिंगवर फिरतात त्यांना तेच ऑइल वंगण पुरवते आणि थंडही ठेवते, म्हणून ऑइल बदलण्यात चालढकल केलेली टर्बो गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्यावी.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही विचार आता करावा लागतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर रुळले आहे, आणि त्यासाठी बनवलेल्या गाड्यांचा नियम एप्रिल २०२३ पासूनचा आहे. या दोन्ही गाड्या बहुतांशी त्याआधीच्या आहेत. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आणि मालकाच्या पुस्तिकेत कोणते इंधन चालेल ते छापलेले असते, ते वाचावे. मायलेजमध्ये थोडी घट धरून चालावे आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी जुन्या पेट्रोलने भरून ठेवू नये.

गाडी पाहायला गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे समोर उभी आहे ती खरोखर टर्बोच आहे का, हे पाहणे. पोलोच्या बाबतीत यात फसगत सहज होते, कारण त्याच काळात ७६ पीएसचे, टर्बो नसलेले एमपीआय इंजिन असलेली पोलोही विकली जात होती, तिचेही इंजिन ९९९ सीसीचेच आहे आणि आरसीवर दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो. मागच्या दारावर टीएसआयची अक्षरे चिकटवायला शंभर-दोनशे रुपये लागतात. मॅन्युअल गाडी असेल तर गिअरच्या दांड्यावरचे आकडे मोजावे: टीएसआयला पुढचे सहा गिअर आहेत, एमपीआयला पाच. आय२० मध्ये हे काम आरसीच करते. टर्बो ९९८ सीसीची आहे आणि साधी पेट्रोल ११९७ सीसीची आहे. आरसीवर ११९७ दिसले की चर्चा संपली.

त्यानंतर इंजिन सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली आहे, आणि थंड इंजिनाचे दुखणे तुम्हाला दिसू नये अशी त्याची इच्छा असू शकते. तासाभराने पुन्हा यावे. थंड इंजिन सुरू होताना एक्झॉस्टजवळ कोणाला तरी उभे करावे. निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. तीन सिलिंडरच्या इंजिनाचा हलका थरथराट दोन्ही गाड्यांत असणारच, त्याला घाबरू नये. चारही टायरांवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे: ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या ३२व्या आठवड्यातला टायर. वीस हजार किलोमीटर चाललेल्या २०२१च्या गाडीला २०२४चे टायर असतील, तर किलोमीटरचा आकडा खरा आहे का, हे अधिकृत सेवाकेंद्रात गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदींशी ताडून पाहावे. काचांच्या कोपऱ्यांतही निर्मितीची खूण असते. एकाच दाराची काच वेगळ्या सालची निघाली तर त्या बाजूचा पत्रा नीट पाहावा.

ऑटोमॅटिक किंवा डीसीटी गाडीची परीक्षा सपाट रस्त्यावर घेऊ नये. एखाद्या मॉलच्या किंवा सोसायटीच्या पार्किंगचा उतार गाठावा आणि गाडी अर्ध्या चढावर थांबवून ब्रेक हळूच सोडून पुन्हा निघावे, असे चार-सहा वेळा करावे. चांगली डीसीटी एखादा हलका धक्का देऊन चढते. वाईट झालेली थरथरते, क्षणभर मागे सरते, जळका वास सोडते. पोलोच्या ऑटोमॅटिकने पार्कमधून रिव्हर्समध्ये आणि रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये जाताना ठोका देता कामा नये. आयएमटीत गिअर टाकताना दांडा अडतो का आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश निघताना गाडी आचके देते का, ते पाहावे. विक्रेता या चाचणीला तयार नसेल, तर त्याच्याशी वाद घालत बसण्याचे कारण नाही. या दोन्ही गाड्या बाजारात पुरेशा आहेत.

निवड माझ्यावर सोडली तर दोन माणसांच्या घरासाठी, पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारी घाट धुंडाळणाऱ्या माणसासाठी पोलोची मॅन्युअल. त्याच माणसाला रोजची गर्दी चुकत नसेल तर पोलोची ऑटोमॅटिक. चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी, आणि शहर लहान असेल तर नक्कीच, आय२० आयएमटी, शक्य असेल तर वरच्या प्रकारातली. ज्याला आय२०ची जागा, टर्बो आणि तीन पेडलेही हवी आहेत, त्याने सप्टेंबर २०२३ नंतरची एन लाइन शोधावी, कारण तेव्हापासून आयएमटी जाऊन तिच्यात सहा गिअरचा मॅन्युअल आला. तिला पैसे अर्थातच जास्त पडतात. आणि पोलोचा भाव उतरत नाही म्हणून फार कुरकुर करू नये. तिच्या जागी भारतात दुसरी पोलो आलेली नाही, म्हणून मागणी टिकून आहे, आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तोच भाव तुम्हालाही मिळणार आहे.

कागदपत्रांत बँकेचा बोजा पहिल्यांदा पाहावा. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर विक्रेत्याने बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ती उतरवल्याशिवाय पूर्ण रक्कम हातात देऊ नये. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या व्यवहाराच्या दिवशीच घ्याव्यात आणि थकलेली ई-चलने किती आहेत ते परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहावे, कारण ती तुमच्या गळ्यात पडतात. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा; आधीच्या मालकाने मिळवलेली नो क्लेम बोनसची सवलत त्याची असते, गाडीबरोबर ती तुम्हाला मिळत नाही, आणि तेवढी फरकाची रक्कम विमा कंपनी तुमच्याकडून घेते. दिल्लीची किंवा बेंगळुरूची गाडी पन्नास-साठ हजारांनी स्वस्त दिसली, तर तिथल्या आरटीओचे ना हरकत पत्र, इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर यांचा खर्च आधी लिहून काढावा. नव्या पेट्रोल गाडीवर हा कर १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के लागत आला आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण माफ होत नाही, आणि मूळ राज्यातून कराचा परतावा मिळवण्याचे काम एजंट सांगतो त्यापेक्षा बरेच जास्त महिने खाते.